शिमानामी काइदो: पहिल्यांदाच गटाने सायकलवर जाणाऱ्यांसाठी

जपानमध्ये राहणारी आपली मंडळी कधी ना कधी शिमानामीला जायचा बेत आखतातच. कुणीतरी पुलाचा फोटो टाकतो, पाचदहा जण "आम्ही पण येतो" म्हणतात आणि ७० किलोमीटर हा आकडा कुणी नीट वाचतही नाही. ज्यांनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, त्यांनाही हा रस्ता जमतो, पण गटाची तयारी झालेली असेल तरच. मी दोनदा गट घेऊन गेलो आहे. पहिल्या खेपेला जे चुकलं ते दुसऱ्या खेपेला सुधारलं, त्यातून हा लेख झाला.

आधी रस्त्याची ओळख. होन्शू बेटावरचं ओनोमिची (हिरोशिमा प्रांत) आणि शिकोकू बेटावरचं इमाबारी (एहिमे प्रांत) ही या रस्त्याची दोन टोकं. मध्ये सेतो अंतर्गत समुद्र आणि त्यातली मुकाइशिमा, इन्नोशिमा, इकुचिजिमा, ओमिशिमा, हाकाताजिमा, ओशिमा ही सहा बेटं. १९९९ साली पुलांची साखळी पूर्ण झाली. मोटारींच्या द्रुतगती मार्गाला लागून, पण त्यापासून वेगळी अशी सायकलींची वाट पुलांवरून जाते. बेटांवर आपण गावातल्या साध्या रस्त्यांनी आणि किनाऱ्याच्या कडेने जातो. २०१९ मध्ये जपान सरकारने पहिले तीन राष्ट्रीय सायकलमार्ग जाहीर केले, त्यांत हा एक होता.

वाट चुकायची भीती फारशी नाही. रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ आखलेली आहे. ती धरून चालायचं. किती किलोमीटर उरले तेही ठरावीक अंतराने रस्त्यावरच लिहिलेलं असतं. निळी रेघ सोडून गावात जेवायला किंवा फोटो काढायला वळलात, तर परत त्याच जागी येऊन ती पकडा. "पुढे कुठेतरी मिळेलच" या भरवशावर आमचे दोघे इन्नोशिमावर तासभर भटकले होते.

किती जायचं, हे आधी ठरवा

बाकी सगळं या एका निर्णयावर अवलंबून आहे, म्हणून इथे वेळ घ्या.

लहान बेत असा: ओनोमिचीहून निघायचं, मुकाइशिमा आणि इन्नोशिमा पार करून इकुचिजिमावरच्या सेतोदा गावी पोचायचं, जेवायचं, थोडं फिरायचं आणि सायकलसकट बोटीने ओनोमिचीला परतायचं. हे साधारण ३० किलोमीटर होतात. मोठा बेत म्हणजे इमाबारीपर्यंतचे पुरे ७० किलोमीटर.

नवख्या गटाने ओनोमिचीच्या बाजूनेच सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगेन. उलट दिशेने येण्यातही गंमत आहे. जपानमध्ये आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे इमाबारीहून येताना इकुचिजिमाच्या किनाऱ्यावर समुद्र अगदी तुमच्या बाजूला राहतो. पण या मार्गावरचे दमवणारे चढ ओशिमा बेटावर, म्हणजे इमाबारीच्या बाजूला आहेत. तिकडून निघालात तर अंग मोकळं व्हायच्या आतच ते समोर येतात आणि मध्येच सोडून द्यायची सोयीची जागा लवकर सापडत नाही. ओनोमिचीहून निघालं की पहिले ३० किलोमीटर बरेचसे सपाट मिळतात आणि सेतोदाला एक सरळ दार उघडं असतं: थकलेल्यांनी बोट घ्यावी, बाकीच्यांनी पुढे जावं. हे दार असल्यामुळेच गटातल्या सगळ्यात कच्च्या माणसालाही निर्धास्तपणे बरोबर नेता येतं.

दिवस कोणता

एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत त्सुयु, म्हणजे तिथला पावसाळा. ऑगस्टमध्ये डांबरावरची उष्णता नवख्याला झेपत नाही, आणि सप्टेंबरात वादळांची टांगती तलवार असते. एरवी हा भाग जपानच्या मानाने कोरडा आहे. उत्तरेला चुगोकूचे डोंगर आणि दक्षिणेला शिकोकूचे डोंगर दोन्हीकडचे पावसाळी वारे अडवतात. इथे लिंबं-संत्री पिकतात आणि पूर्वी मिठागरं चालत, ती याच हवेमुळे. एप्रिलअखेर ते ५ मे हा सुट्ट्यांचा 'गोल्डन वीक' मात्र टाळा, कारण सायकली मिळत नाहीत आणि जेवणाला रांगा लागतात.

सूर्यास्ताची वेळ कागदावर लिहून ठेवा. ऑक्टोबरच्या मध्यात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो, नोव्हेंबरच्या शेवटी पाचलाच अंधारायला लागतं. मे महिन्यात सातपर्यंत उजेड असतो. मोठा बेत असेल तर मे महिना निवडा.

गट बांधणं

पाच ते सहा जणांची एक तुकडी. बारा जण असाल तर दोन तुकड्या करा आणि दहा मिनिटांच्या अंतराने निघा. पहिल्या खेपेला आम्ही ११ जण एकाच घोळक्यात निघालो. रांग एवढी लांबली, की पुढचा माणूस पूल चढून गेला तरी मागचा अजून गावातल्या सिग्नललाच उभा होता.

प्रत्येक तुकडीत दोन कामं नेमून द्या. पहिला वाट दाखवतो, आणि त्याने मागच्यांच्या वेगाने चालवायचं, स्वतःच्या नाही. शेवटचा सर्वांत अनुभवी असावा. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. पंप, जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पाने आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडेच हवी, कारण ज्याची सायकल बिघडते तो मागे पडतो आणि मदतही मागूनच यायला हवी. सगळ्यात नवख्याला पहिल्याच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. शेवटी ठेवलंत तर तो दिवसभर धापा टाकत पाठलाग करतो आणि बाकीचे थांबून विश्रांती घेत असतात. तो पोचला की ते निघतात. त्याला विश्रांती मिळतच नाही.

मोजदाद दर पुलाच्या तोंडाशी करायची. चढ सुरू होण्याआधी सगळे थांबले, मोजले, पाणी प्यायले, मगच वर. पूल उतरल्यावर पुन्हा एकदा. सहा पूल म्हणजे बारा वेळा. कंटाळा येतो, पण चुकवू नका. 'लाइन' या मेसेजिंग ॲपवर गट करा आणि प्रत्येकाकडे बाहेरची बॅटरी असू द्या.

सायकल

टोकियो किंवा ओसाकाहून शिंकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, फुकुयामाला उतरा. तिथून सान्यो मार्गाची साधी गाडी वीसएक मिनिटांत ओनोमिचीला पोचवते. शिन-ओनोमिची नावाचं शिंकानसेनचं स्थानक आहे, पण ते गावापासून आणि धक्क्यापासून दूर पडतं. आदल्या रात्री ओनोमिचीतच मुक्काम करा. सकाळच्या गाडीने येऊन ७० किलोमीटर करायचे, हा हिशेब कागदावरच बसतो.

स्वतःची सायकल रेल्वेतून न्यायची तर ती चाकं काढून 'रिंको' पिशवीत पूर्ण झाकावी लागते, थोडाही भाग बाहेर दिसता कामा नये. नवख्यांनी या भानगडीत पडू नये, भाड्याची घ्यावी. ओनोमिचीच्या धक्क्याजवळ, स्थानकापासून चालत काही मिनिटांवर भाड्याच्या सायकलींचं मोठं केंद्र आहे. अशी केंद्रं वाटेतल्या बेटांवरही आहेत, आणि साधी सायकल एका केंद्रावर घेऊन दुसऱ्यावर देता येते. विजेच्या सायकलींना मात्र बऱ्याचदा ही सवलत नसते, जिथून घेतली तिथेच परत. आरक्षण करतानाच हे विचारा आणि प्रत्येकाची उंची कळवा. परतीच्या केंद्राची बंद व्हायची वेळही त्याच फोनवर विचारून घ्या.

पुढे टोपली असलेली साधी सायकल चालवायला सोपी वाटते, पण पुलांच्या चढावर तिचं वजन जाणवतं. गिअरची 'क्रॉस बाइक' घ्या.

सायकल हातात आली की घाई करू नका. पंधरा मिनिटं यातच जाऊ द्या. सीटवर बसून पेडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जवळपास सरळ झाला पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक जण दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढी खाली सीट ठेवतात, मग २० किलोमीटरनंतर गुडघे बोलायला लागतात. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायची सवय धक्क्याजवळच दोनचारदा करून घ्या. दोन्ही ब्रेक, घंटी, पुढचा दिवा, मागचा लाल परावर्तक पाहा. टायर अंगठ्याने दाबून पाहा, तो सहज दबता कामा नये. गिअर बदलताना पेडल फिरतं ठेवायचं आणि चढ सुरू व्हायच्या आधी हलका गिअर टाकायचा. ही एक गोष्ट ज्यांना सकाळीच समजते त्यांचा दिवस बदलतो.

रस्त्याचे नियम

जपानमध्ये सायकल हे वाहन आहे आणि पोलिस तसंच वागवतात.

शेजारी-शेजारी चालवायचं नाही, एकामागे एक. गप्पा थांबल्यावर मारा. 'तोमारे' (थांबा) लिहिलेला लाल उलटा त्रिकोण दिसला की वेग कमी करून भागत नाही, चाक थांबलं पाहिजे. मोठ्या चौकात उजवीकडे वळताना मोटारींसारखं मध्ये जायचं नाही: आधी सरळ चौक ओलांडायचा, तिथे थांबून तोंड वळवायचं आणि पुढचा सिग्नल मिळाल्यावर जायचं. चालवताना फोन हातात घेणं, छत्री धरणं, दारू पिऊन चालवणं हे सगळं गुन्ह्यात मोडतं. फोनबद्दलची शिक्षा नोव्हेंबर २०२४ पासून कडक झाली, आणि १ एप्रिल २०२६ पासून १६ वर्षं आणि त्यावरच्या सायकलस्वारांसाठी दंडाच्या पावतीची पद्धत लागू झाली. एप्रिल २०२३ पासून सर्व वयाच्या लोकांनी हेल्मेट घालावं असं कायदा सांगतो. त्याला दंड नाही, पण आमच्या गटात हेल्मेट नाही तर सायकल नाही.

पुढच्या माणसाने हाताने खुणा द्यायच्या आणि प्रत्येकाने त्या मागे पोचवायच्या. थांबायचं तर पंजा उघडून हात पाठीमागे खाली, खड्डा असेल तर त्या बाजूला बोट. आवाजही द्या: "थांबतोय!" "मागून गाडी!" मराठीतून ओरडलं तर पटकन कळतं.

सकाळ: ओनोमिची ते सेतोदा

साडेसातला धक्क्यावर. ओनोमिची आणि मुकाइशिमा यांच्यातही पूल आहे, पण तो सायकलींसाठी अरुंद आणि रहदारीचा. सगळे जण फेरीबोटच घेतात, तुम्हीही घ्या. दाभोळच्या खाडीत धोपाव्याला जाताना गाड्या चढवतात तशीच ही छोटी बोट, पाच मिनिटांत पलीकडे. बरोबर शाळेची मुलं आणि कामावर निघालेली माणसं असतात. सुट्टी नाणी जवळ ठेवा. पुलांवरचा सायकलींचा टोल गेली बरीच वर्षं सवलत म्हणून माफ होत आला आहे, पण नाणी पुढेही लागणार आहेत.

मुकाइशिमावर पहिले काही किलोमीटर मुद्दाम सावकाश काढा. किनाऱ्याच्या एका वळणानंतर इन्नोशिमाचा झुलता पूल अचानक समोर येतो आणि सगळ्यांचे पाय आपोआप थांबतात. थांबू द्या, पण रस्त्याच्या कडेला.

पुलावर चढायची वाट मोटारींपासून वेगळी असते, झाडीतून वळसे घेत जाणारी. चढ बेताचा असतो, शंभर मीटरला तीनएक मीटर, पण सलग किलोमीटरभर. हलका गिअर, बसूनच पेडल, श्वास लागला तर उतरून ढकला. ढकलण्यात काहीही कमीपणा नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच पुलावर कुणीतरी ईर्ष्येने मांड्या भरून घेतो. इन्नोशिमा पुलावर सायकलींची वाट मोटारींच्या रस्त्याच्या खाली, जाळीच्या बोगद्यासारखी आहे. डोक्यावरून ट्रक धडधडतात. आवाजाला दचकू नका. उतारावर दोन्ही ब्रेक हलके दाबत या, कारण समोरून चढणारेही त्याच वाटेवर असतात.

इन्नोशिमा हे हास्साकु या फळाचं मूळ गाव. पपनसाच्या कुळातलं, किंचित कडवट, रसरशीत. ते सोलून, पांढऱ्या बीन्सच्या गोड पुरणात घालून वर मऊ मोचीचं, म्हणजे चिकट तांदळाचं, आवरण केलेलं 'हास्साकु दाइफुकु' इथे मिळतं. हंगाम असेल तर पहिला थांबा तोच. रस्त्याकडेला जागोजाग माणूस नसलेली दुकानं दिसतील: एका फळीवर संत्र्यांच्या पिशव्या आणि शेजारी पैशांचा डबा. नाणी इथे लागतात. डब्यात पैसे टाका, पिशवी घ्या आणि सालं बरोबर घेऊन चला. वाटेत कचरापेट्या जवळपास नाहीतच, तेव्हा प्रत्येकाने आपली एक पिशवी आणलेली असावी.

इन्नोशिमा हे मुराकामी या सागरी घराण्याच्या तीन शाखांपैकी एकीचं ठाणं होतं, बाकीच्या दोन नोशिमा आणि कुरुशिमाच्या. पंधराव्या-सोळाव्या शतकात या सामुद्रधुन्यांतून जाणाऱ्या जहाजांकडून ते जकात घेत आणि बदल्यात सुखरूप जाऊ देण्याचं निशाण देत. कान्होजी आंग्र्यांची दस्तकं ज्याने वाचली आहेत, त्याला हा कारभार ओळखीचा वाटेल.

त्यानंतर इकुचि पूल, आणि मग इकुचिजिमाचा सपाट किनारा. इथे सगळीकडे लिंबाच्या बागा.

सेतोदा: जेवण आणि निर्णय

साडेअकरा-बाराला पोचायचं. सेतोदाला लिंबाचं सगळं काही मिळतं, आइस्क्रीमपासून केकपर्यंत. शाकाहारी माणसांनी मात्र आधीच सोय करावी. उदोन नूडल्सच्या रश्शात, मिसो सूपमध्ये, भाज्यांच्या उकडीतसुद्धा 'दाशी' नावाचं सार असतं, आणि ते बहुधा कात्सुओ नावाच्या वाळवलेल्या माशाचं. ओनोमिचीचं प्रसिद्ध रामेन तर डुकराच्या चरबीवरच उभं आहे. म्हणून दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू घरून आणा. समुद्रकाठच्या बाकावर बसून खाल्लेली दशमी कुठल्याही हॉटेलपेक्षा सरस. सगळ्यांनीच दर तासाला थोडं खावं आणि तहान लागायच्या आधी पाणी प्यावं. पाण्याची यंत्रं वाटेत भरपूर आहेत, पण खाण्याची दुकानं बेटांवर विरळ असतात आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी बंद सापडतात.

आता निर्णय. माझा नियम साडेबाराचा आहे. पुढे जाणारे सगळे साडेबाराला सेतोदातून निघू शकत असतील तरच इमाबारी. ढग जमत असतील किंवा उशीर झाला असेल, तर सगळ्यांनीच बोटीने परतायचं; एखाद्याचाच गुडघा दुखत असेल, तर त्याने परतायचं आणि बरोबर एक सोबती जायचा. परतणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. सोबती कोण, हे आदल्या रात्रीच ठरवा. ऐन वेळी विचारलं की सगळे गप्प बसतात आणि दुखणारा माणूस संकोचाने "जमेल मला" म्हणून पुढे येतो. पहिल्या खेपेला आमच्याकडे नेमकं हेच झालं. ओशिमाच्या चढावर त्याला एकेक पाऊल जड झालं आणि शेवटी त्याच्यासाठी सायकल नेणारी टॅक्सी बोलवावी लागली. बोटीची वेळ सकाळीच पाहून ठेवा, फेऱ्या थोड्या असतात. परतणार असाल तर दुपार मोकळी आहे: कोसान्जि मंदिर पाहा, गल्लीबोळातून हिंडा.

दुपार: पुढे जाणाऱ्यांसाठी

इकुचिजिमाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली गेलं की तातारा पूल. तारांनी तोललेला, मधला गाळा ८९० मीटर, १९९९ साली बांधला तेव्हा या प्रकारातला जगातला सर्वांत लांब. त्याच्या उंच खांबापाशी उभे राहून टाळी वाजवा. आवाज खांबाच्या दोन पायांमधून वर वर चढत जातो. पूल उतरताच ओमिशिमावर विश्रांतीची जागा आहे, तिथे स्वच्छतागृह, पाणी आणि सायकलस्वारांची स्मारकशिला. गटाचा फोटो इथेच काढा.

ओमिशिमाच्या पश्चिमेला ओयामाझुमी देवस्थान आहे. योद्ध्यांनी वाहिलेली चिलखतं आणि तलवारी तिथे जपल्या आहेत. पण ते डोंगरापलीकडे आहे, एका दिवसाच्या फेरीत बसत नाही. त्याच्यासाठी बेटावर मुक्काम करून वेगळं जा.

ओमिशिमा पूल छोटा, हाकाताजिमा चटकन संपतं, तिथलं मिठाचं आइस्क्रीम खायला दहा मिनिटं द्या. आणि मग ओशिमा. इथे किनारा सोडून वाट बेटाच्या मधून जाते आणि चढ लागतात. दुपारचे तीन वाजलेले, पाय भरलेले. इथे गट तुटतो. पुढच्याने वेग अजून कमी करावा, चढाच्या माथ्यावर सगळ्यांची वाट पाहावी आणि शेवटचा आल्यावर त्यालाही पूर्ण पाच मिनिटं बसू द्यावं.

काही बिघडलं तर घाबरू नका. बेटांवर 'सायकल ओॲसिस' अशी पाटी लावलेली दुकानं आणि घरं आहेत, तिथे पंप आणि पाणी मिळतं. पंक्चरला जपानीत 'पान्कु' म्हणतात, एवढा शब्द पुरतो. अपघात झाला तर रुग्णवाहिका ११९, पोलिस ११०. किरकोळ धक्का असला तरी पोलिसांना कळवा, त्याशिवाय विम्याचं काम पुढे सरकत नाही.

शेवटी कुरुशिमा सामुद्रधुनीवरचे तीन झुलते पूल, एकाला एक जोडलेले, मिळून चार किलोमीटर. खालचं पाणी नदीसारखं धावताना दिसतं. भरती-ओहोटीच्या वेळी इथे भोवरे उठतात, आणि मोठी जहाजं त्यातून वाट काढत असतात. वारा जोराचा असतो, म्हणून पुलावर चढण्याआधी विंडचीटर घाला, टोप्या आत ठेवा आणि सायकलींमध्ये नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवा. दिवे इथूनच लावा, उजेड असला तरी. इतका वेळ रांगेत राहिलेली माणसं या पुलावर आपापली थांबतात, कठड्याला टेकून पश्चिमेकडे बघत राहतात. तेवढा वेळ हातात राहील असा हिशेब सकाळपासून करा.

पूल उतरला की इतोयामाचं सायकल केंद्र. सायकली तिथे द्यायच्या, की सहाएक किलोमीटर पुढे इमाबारी स्थानकापाशी, हे आरक्षणातच ठरलेलं असू द्या. सायकल देताना टोपल्या, पिशव्या, कुलपाच्या किल्ल्या तपासा. इमाबारीहून फुकुयामाला बस जाते, ओनोमिचीला जायचं तर वाटेत बदलावी लागते. शेवटच्या बसची वेळ आधीच लिहून ठेवा. त्यापेक्षा इमाबारीतच राहिलात तर उत्तम. गरम पाण्यात पाय सोडून बसा, आणि दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी गावच्या प्रसिद्ध टॉवेलांपैकी एखादा घ्या.